तीस चिंचोक्यांचं घर

आज आम्ही घराविषयी बोलणार आहोत, पण नव्या बांधकामाविषयी नाही. आजेसासऱ्याच्या वेळचं, कित्येक वर्षं कुलपात पडलेलं, गळकं घर वाट्याला आलंय. हातात पैसे बेताचे आहेत आणि पावसाळ्याआधी तिथं राहायला जायचंय. अशा वेळी पैसा कुठं घालायचा, आधी कशाला आणि मागून कशाला, एवढाच आजचा विषय.

शिमगा झाला की आपल्याकडं बंद घरं उघडायला लागतात. कुणी ऊसतोडीहून परत येतं, कुणी शहरातलं भाडं परवडेना म्हणून येतं, कुणाच्या घरात वाटण्या होतात. गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाढतात आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द असतो, ‘घरदुरुस्ती’. आमच्या गटानं ठरवलंय, या एका शब्दावर कर्ज द्यायचं नाही. नाही म्हणायचं म्हणून नव्हे. त्या एका शब्दात गळकं छतही बसतं आणि दारापुढची चकचकीत फरशीही बसते. दोन्हीला लागणारा पैसा एकाच मडक्यातला असतो. आधी फरशी झाली आणि छत राहिलं, तर कर्जाचा हप्ताही भरायचा आणि जून महिन्यात घरात पातेलीही मांडायची.

म्हणून आम्ही बाई आणि तिच्या घरचे यांच्याबरोबर बसतो आणि चिंचोके मांडतो. ते कसं, हे आमच्यातल्याच एकीच्या घरावरून सांगतो. ती म्हणाली, घर सांगा, नाव नको. तिला आपण नुसतं ताई म्हणू.

ताई आणि तिचे मालक अकरा वर्षं शहरात भाड्यानं राहिले. गावात त्यांच्या वाट्याला जुन्या घराचा अर्धा भाग आला. दहा बाय बाराच्या दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं परसदार. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. आठ वर्षं घरात दिवा लागला नव्हता. ताईकडं साठवलेले एक लाख दहा हजार होते आणि गटाकडून तिला चाळीस हजार हवे होते. म्हणजे सगळे मिळून दीड लाख.

घरच्यांनी कामांची यादी केली. वर स्लॅब, सगळीकडं फरशी, पुढच्या भिंतीला टाइल्स, लोखंडी गेट, आतून रंग. गवंड्यानं तोंडी आकडा सांगितला, चार लाखांच्या वर. यादीच्या शेवटी एक ओळ होती, ‘न्हाणी-संडास नंतर बघू’. मैत्रिणींनो, ती ओळ कुणी वाईट मनानं लिहिलेली नव्हती. पण आपल्या घरांत ‘नंतर’ हा शब्द बहुतेक वेळा बाईच्याच कामाला लागतो.

चिंचोक्यांकडं जायच्या आधी एक पायरी आहे. तिला फार पैसा लागत नाही, हेलपाटे मात्र लागतात. ती कागदाची. घर कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा काढायचा. त्यावर आजेसासऱ्याचंच नाव असेल, तर वारसांची नावं लावून घ्यायची. वाटणी तोंडी झाली असेल, तर कुणाची खोली कोणती, मधली भिंत कुणाची, परसदारात जायची वाट कुणाची, हे लेखी करून घ्यायचं. घर नीट झाल्यावर त्यावर हक्क सांगणारे वाढतात. पडकं असतं तोवर सगळे म्हणतात, कशाला कागद, आपण काय परके आहोत का? परके नाही आहोत, म्हणूनच आधी लिहायचं. नंतर लिहायला गेलं की नातं तुटतं.

त्याच वेळी घरावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावून घ्यायचं. गावातलं घर दोघांच्या नावावर असावं, असा राज्याच्या ग्रामविकास विभागाचा २००३ सालचा निर्णय आहे. ग्रामपंचायतीत त्यासाठी अर्ज देता येतो. आमच्या गटानं ताईला सांगितलं, तुझं नाव लागल्याचा उतारा आण आणि चाळीस हजार ने. थोरले दीर जरा गरम झाले. सासूबाई मात्र म्हणाल्या, कर्ज तिच्या नावावर असेल तर घरही तिच्या नावावर असू दे. उताऱ्याला महिना लागला. त्याच फेऱ्यांत जुनी घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेचं थकलेलं बिल किती, तेही कळलं. बंद घराची ही देणी आधी विचारून घ्यावीत. ताईनं ती दीड लाखाला हात न लावता, कोंबड्या विकून भागवली.

आता घर बघणं. बजेट घराबाहेर उभं राहून होत नाही. आत जायचं आणि दिवसाउजेडी दार लावून घ्यायचं. छतातून उजेडाचे ठिपके दिसतात का? भिंतीवर ओलीचे डाग कुठं आहेत, वरून खाली आलेत की खालून वर चढलेत? वरून आले असतील तर छत गळतंय. खालून चढले असतील तर जोत्यात पाणी मुरतंय. दोन्हीची औषधं वेगळी. तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं, तिथं जाड खिळा टोचून बघायचा. लाकूड ठणठणीत असेल तर खिळा अडतो, वाळवीनं पोखरलं असेल तर भुशात शिरावा तसा शिरतो. भिंतीला भेग असेल तर तिच्यावर आडवी कागदाची पट्टी खळीनं चिकटवायची आणि तारीख घालायची. महिन्यात पट्टी फाटली, तर भिंत अजून हलतेय. दोरीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. दगडी भिंतीला पोट सुटलं असेल तर ते लगेच दिसतं.

ताईच्या घरात चार गोष्टी दिसल्या. माळवदावर दोन फूट माती होती. एका भिंतीला पोट सुटलं होतं. रस्त्याकडची भिंत कमरेपर्यंत ओली होती. आणि वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. टाइल्स नसल्यामुळं काही बिघडलं होतं, असं कुणालाच दाखवता आलं नाही.

मातीचं थोडं सविस्तर सांगतो. माळवद गळायला लागलं की आपण वर नवी पांढरी माती टाकतो. पुढच्या वर्षी पुन्हा टाकतो. जुनी कुणी काढत नाही. असे थरावर थर चढत जातात. एक घनफूट कोरडी माती साधारण पंचेचाळीस किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे चाळीस घनफूट. गुणाकार करा, दहा हजार आठशे किलो होतात. जवळजवळ अकरा टन. उसानं भरलेली ट्रॉली आपण डोक्यावर घेऊन झोपतो म्हणा ना! पावसात ती माती भिजली की वजन आणखी वाढतं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. त्यांतली बहुतेक अशाच घरांखाली गाडली गेली. वर मातीचं ओझं आणि खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती. त्या भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात आणि मध्ये दगडगोटे, माती भरलेली असते. दोन पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड नसले की हादऱ्यानं एक पदर आत पडतो, एक बाहेर. मग छत खाली येतं. भूकंप रोज होत नाही, पण झडीचा पाऊस दर वर्षी येतो, आणि भिजलेली भिंत पडायला हादरा लागत नाही. भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांनी संवाद सहाय्यक म्हणून काम केलं. दुरुस्ती कशी करायची, पैसा कशावर घालायचा, हे त्या दारोदारी जाऊन समजावत होत्या. म्हणजे हा हिशोब बायकांना कळणार नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांचं उदाहरण द्यायचं.

आता चिंचोके. एक चिंचोका म्हणजे पाच हजार रुपये. ताईचे दीड लाख म्हणजे तीस चिंचोके. ते ताटात घेऊन ओसरीत बसलो. घरातले सगळे होते, मालक, सासूबाई, थोरले दीर, दोन्ही पोरं. पहिलं काम म्हणजे तीसातले पाच चिंचोके ताईच्या पदराला गाठ मारून ठेवले. सहावा हिस्सा अडीनडीला. जुनं घर उघडल्याशिवाय त्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही. हे पाच मोजायचेच नाहीत. उरले पंचवीस.

मग जमिनीवर खडूनं तीन गोल काढले. पहिला गोल जिवाचा. जे केलं नाही तर छत पडेल, भिंत पडेल, शॉक लागेल, ते त्यात. दुसरा गोल पहिल्या दिवसाचा. राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी ज्याच्यावाचून अडेल, ते त्यात. तिसरा गोल लोकांच्या डोळ्याचा. वाईट काही नाही त्यात, पण दोन वर्षं थांबलं तरी कुणाचं काही अडत नाही.

पहिल्या गोलात आधी छत. स्लॅबचा विषय दोन प्रश्नांत संपला. या भिंती स्लॅबचं ओझं झेलतील का? गवंडी म्हणाला, नाही, कॉलम घ्यावे लागतील. कॉलमला किती? चिंचोके संपले आणि घर बाकीच होतं. मग ठरलं असं. आतल्या खोलीच्या तुळया बऱ्या होत्या, तिथलं माळवद ठेवायचं, पण माती उतरवून वीतभरच ठेवायची. मातीच्या मध्ये जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि पाणी पन्हाळीकडं जाईल असा उतार द्यायचा. दुसऱ्या खोलीवरची माती पूर्ण काढून लोखंडी पाइपवर पत्रे. वादळात पत्रे उडतात, म्हणून पाइप नुसते भिंतीवर टेकवायचे नाहीत, भिंतीत खाली खोलवर जखडायचे. या सगळ्याला आठ चिंचोके.

माती उतरवताना एक लक्षात ठेवा. आधी खालून टेकू द्यायचे. वर तीन-चारच माणसं चढवायची आणि दोन्ही बाजूंनी सारखी माती काढत यायचं. एकाच कोपऱ्यात ढीग करायचा नाही. ताईच्या छतावरून जवळजवळ चार ब्रास माती निघाली. ती फेकली नाही, चाळून घेतली. का, ते पुढं येतंय.

मग भिंती. पोट सुटलेला पाच फुटांचा भाग उतरवून पुन्हा रचायचा, दर दोन-तीन फुटांवर आरपार दगड घालून. बाकीच्या भिंतींचे सांधे भरायचे. दगड घरचेच. चार चिंचोके. गिलाव्याचा प्रश्न निघाला तेव्हा थोरले दीर म्हणाले, सिमेंटचा मारून टाकू, एकदाचं मिटेल. पण मातीच्या भिंतीला सिमेंट धरत नाही. आतली ओल आत कोंडते आणि दोन पावसांत गिलावा पोपडे धरून पडतो. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा, वर चुना. तो दर दोन वर्षांनी आपल्या हातानं करता येतो. इथं स्वस्त तेच बरोबर होतं.

तिसरं, पाण्याची वाट. रस्त्याकडची भिंत ओली का? गावात सिमेंटचा रस्ता झाला, मग त्यावर दुसरा झाला. दर वेळी रस्ता उंच झाला आणि जुन्या घरांचे उंबरे खाली राहिले. आता पावसाचं पाणी जोत्याला येऊन थांबतं. भिंतीला कितीही रंग द्या, ही ओल जाणार नाही. भिंतीलगत शहाबादी फरशीची नाली करून पाणी परसदाराकडं काढलं आणि छतावरून उतरलेली ती चाळलेली माती खोल्यांत भरून जमीन वीतभर उचलली. भरावाची माती विकत आणावी लागली नाही. दोन चिंचोक्यांत काम झालं.

चौथं, वीज. नव्या वायरी, चांगलं अर्थिंग, आणि शॉक लागताच वीज तोडणारा स्विच. पत्र्याच्या घरात हे जास्तच जपायचं, कारण उघड्या वायरीचा करंट पत्र्यात उतरतो आणि ओल्या हाताची बाई त्या भिंतीला टेकते. तीन चिंचोके. यात काटकसर करायची नाही. बटणं साधी घ्या, वायर साधी घेऊ नका.

पहिला गोल सतराला भरला. उरले आठ.

इथं खरी ओढाताण झाली. मालकांचं म्हणणं, दारापुढं फरशी आणि गेट झालं पाहिजे, माणसं येतात-जातात, अकरा वर्षांनी परत आलो तर काय दिसणार? त्यांचं चुकतं असं नाही. गावात परत येणाऱ्याला गाव बघत असतं. आम्ही काही बोललो नाही. सासूबाईंनाच विचारलं, पहिल्या सकाळी काय लागेल? त्या म्हणाल्या, मला गुडघ्यांनी बसवत नाही, पहाटे ओढ्याला जायला मी तयार नाही. आठवीतली पोरगी काहीच बोलली नाही, पण तिनं ताटातले चिंचोके उचलून दुसऱ्या गोलात ठेवले. सहा. न्हाणी आणि संडास.

संडासाला मोठी टाकी बांधायची गरज नसते. दोन शोषखड्डे पुरतात. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिल्यातलं वर्ष-दीड वर्षात खत होतं. खड्डे विहीर-बोअरपासून लांब ठेवायचे. न्हाणीला दार, आतून कडी, कपडे ठेवायला कोनाडा आणि पाणी जायला मोरी एवढं हवंच. उरलेले दोन स्वयंपाकघराला. ओटा, खिडकी, भांड्यांची फळी. ओट्याची उंची गवंड्यानं ठरवायची नाही. ज्या बाईला तिथं उभं राहायचंय तिला उभं करायचं, तिच्या कोपरापासून चार-पाच बोटं खाली खूण करायची.

पंचवीस संपले. तिसऱ्या गोलात एकही चिंचोका नव्हता. मालक बराच वेळ त्या रिकाम्या गोलाकडं बघत बसले. मग म्हणाले, गेट दिवाळीनंतर बघू. आता ‘नंतर’ हा शब्द गेटला लागला होता.

कर्जाचं दोन शब्दांत सांगतो. किती मिळतंय हे आधी विचारायचं नाही, हप्ता किती झेपेल हे आधी विचारायचं. ताईनं महिन्याचा जमाखर्च मांडला. सणवार, शाळा, औषध धरून तिच्याकडं तीन हजार उरत होते. चाळीस हजार, वीस महिने, शेकडा एक रुपया महिना, उरलेल्या रकमेवर व्याज. पहिला हप्ता दोन हजार चारशे, मग दर महिन्याला वीस रुपयांनी कमी. वीस महिन्यांचं एकूण व्याज चार हजार दोनशे. हेच व्याज पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत लावलं असतं, तर आठ हजार झालं असतं. दर तोच, शेकडा एक. म्हणून कुठंही कर्ज घेताना दर विचारायचा, आणि लगेच दुसरा प्रश्न, व्याज उरलेल्या रकमेवर की पूर्ण रकमेवर? दारावर येऊन साठ हजार देऊ म्हणणारेही ताईला भेटले होते. त्यांना हा दुसरा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी हप्त्याचा कागद पुढं केला, उत्तर दिलं नाही.

सरकारी मदतीचंही असंच. स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबाला शौचालयासाठी बारा हजार रुपये मिळतात. प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्यासारख्या सपाटीच्या भागात घरकुलाला एक लाख वीस हजार ठरलेले आहेत, पण ते नव्या घरकुलाला, दुरुस्तीला नाहीत. आपण यादीत बसतो का, हे ग्रामपंचायतीत विचारा आणि काम सुरू करायच्या आधी विचारा. पण जे पैसे अजून हातात आले नाहीत, त्यांचा चिंचोका मांडायचा नाही. आले तर कर्ज लवकर फिटेल.

आता गवंड्याशी व्यवहार. काम उक्तं द्या नाहीतर रोजंदारीवर, पण काय काय करायचं ते वहीत लिहा आणि दोघांची सही घ्या. जुनी भिंत, जुनं छत अशा कामाला रोजंदारी बरी, कारण किती निघेल ते सांगता येत नाही. न्हाणी, ओटा, नाली असं मोजता येणारं काम उक्तं बरं. तीन जणांकडून भाव घ्या आणि तिघांना एकच माप सांगा. ब्रास म्हटलं की विचारा, कसला ब्रास? वाळू-खडीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट, गिलावा-फरशीचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. वाळूची ट्रॉली आली की टेप लावा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली नव्वद घनफूट होते, ब्रास होत नाही. पैसे टप्प्यानं द्या. छताचं काम झालं, छताचे पैसे. शेवटचा हप्ता पाण्याच्या चार घागरी छतावर ओतून बघितल्यावरच. वही ताईकडं होती, आणि पैसे देताना वही उघडायची असा नियम होता. सिमेंटची पोती जमिनीवर टाकायची नाहीत, फळीवर ठेवायची, आणि लागतील तेवढीच आणायची.

दोन खर्च कुणी लिहीत नाही, ते आम्ही लिहायला लावतो. एक, पाणी. सिमेंटच्या कामाला आठवडाभर तरी पाणी मारावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं ते विकत घ्यावं लागतं. दुसरा, आपला घाम. माती चाळणं, दगड वाहणं, गिलावा, सारवण, चुना हे आम्ही घरीच करू, असं म्हणून त्यापुढं शून्य लिहितात. शून्य कसं? त्या दिवसांत ताई खुरपायला गेली असती तर रोज आला असता. ताईचे सतरा दिवस गेले, सासूबाईंचे आणि पोरीचे वेगळेच. ते पैसे मडक्यातून गेले नाहीत, पण घरात लागले. वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहिलेत. उद्या कुणी विचारलं, तुझं या घरात काय, तर हे पान आहे.

पदराच्या गाठीचं काय झालं? छत उघडल्यावर एक तुळई वरून धड आणि आतून पोकळ निघाली, वाळवी. दोन चिंचोके गेले. संडासाच्या दुसऱ्या खड्ड्याला चार फुटांवर काळा दगड लागला, ब्रेकर आणावा लागला. एक गेला. टँकरचा भाव मे महिन्यात चढला, आणखी एक गेला. एक उरला. मृग लागायच्या आधी आठवडाभर घर उघडलं. उरलेल्या त्या चिंचोक्यातून ताईनं पहिले दोन हप्ते भरले.

सगळं सुटलंय असं नाही. पत्र्याची खोली उन्हाळ्यात तापते. पुढच्या वर्षी पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या लावायच्यात. आणि मधली सामाईक भिंत आहेच. तिच्या पलीकडं चुलत दिराच्या वाट्याचं घर अजून बंद आहे, त्याच्या छतावर दोन फूट माती तशीच आहे. ती भिंत पडली तर कुणाचं घर पडेल, हे पाऊस विचारणार नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. त्यांच्या बायकोला पुढच्या बैठकीला बोलावलंय.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक काम करा. ज्या कुणाला घर दुरुस्त करायचंय तिच्या घरी सगळ्या मिळून जा. सोबत खिळा, ओळंबा, खडू आणि मूठभर चिंचोके न्या. आधी कागद बघा, मग छत, मग भिंत, मग पाण्याची वाट, मग वायरी. सहावा हिस्सा पदराला बांधा. तीन गोल काढा. घरातल्या प्रत्येकाला, म्हातारीला आणि पोरीलाही, विचारा, पहिल्या सकाळी काय लागेल. आणि कुणी ‘नंतर’ म्हणालं, की तो शब्द कशाला लागतोय तेवढं नीट बघा.